पोकर चिप्सवरचे चित्र कुणाचे असते?

स्वतःच्या खेळासाठी पोकर चिप्सचा खास संच बनवून घेणारी माणसे एका गोष्टीची फार काळजी घेतात आणि दुसऱ्या गोष्टीकडे त्यांचे लक्षच जात नाही. एखाद्या मोठ्या कॅसिनोचे बोधचिन्ह जसेच्या तसे वापरायला ती कचरतात, कारण कंपनीच्या पदरी वकील असतात हे सगळ्यांना ठाऊक असते. पण एखाद्या एकट्या डिझायनरने कुणा अनोळखी माणसाच्या संचासाठी काढलेले चित्र आवडले, की ते उतरवून घ्यायचे, त्यावरचे नाव बदलायचे आणि आपल्या चिप्सवर छापून घ्यायचे, यात त्यांना काही वावगे वाटत नाही. मी काही वर्षांपासून अशा संचांची डिझाइन करते आहे आणि हा क्रम नेमका उलटा असायला हवा असे माझे ठाम मत झाले आहे. कुणाच्या कामाला हात लावताना किती विचार करायचा हे समोरच्याच्या ताकदीवर ठरू नये. त्या नकलेमुळे कुणाचे काय जाते यावर ते ठरावे.

आधी चिप म्हणजे काय हे नीट पाहायला हवे, कारण नक्कल या एकाच शब्दाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात. कॅसिनोतल्या नेहमीच्या चिपचा व्यास ३९ मिलिमीटर असतो. मोठ्या मूल्याच्या काही चिप्स ४३ मिलिमीटरच्याही असतात. मध्यभागी इनले, म्हणजे छापील चकती असते, तिच्याभोवती साच्यातून उठलेली नक्षी असते आणि कडेवर वेगळ्या रंगाचे पट्टे असतात, ज्यांना एज स्पॉट म्हणतात. या तिन्ही भागांवरची मालकी सारखी नाही. पॉलसन या चिप-उत्पादकाच्या साच्यातली टोपी आणि छडी ही त्याची ओळख आहे आणि ती दुसऱ्या कुणी आपल्या मालावर उमटवली, तर घेणाऱ्याची सरळ दिशाभूल होते. कडेवरचे पट्टे मात्र या छंदाची सामाईक भाषा झाले आहेत. ‘चार-एक-चार’ म्हटले की चार पट्टे आणि प्रत्येक पट्टा पाव इंच रुंद, ‘तीन-एक-चार’ म्हटले की तसेच तीन, एवढे या क्षेत्रातल्या माणसाला लगेच कळते. अशी भाषा कुणा एकाची असू शकत नाही.

रंगांचेही तेच. एकासाठी पांढरा, पाचासाठी लाल, पंचविसासाठी हिरवा, शंभरासाठी काळा आणि पाचशेसाठी जांभळा हा क्रम अमेरिकी कॅसिनोंमध्ये इतका रुळला आहे, की न्यू जर्सी राज्याने तो नियमातच घातला. तुमच्या पंचविसाच्या चिपचा हिरवा माझ्या हिरव्यासारखा दिसला, तर मला तक्रारीला जागाच नाही. गोल चकती, मधोमध आकडा, वरच्या कमानीत नाव आणि खालच्या कमानीत गाव ही मांडणीसुद्धा कुणाची खासगी मालमत्ता नाही. सुट्टे रंग, परिचित आकार, नावे आणि छोटी वाक्ये यांना अमेरिकी कॉपीराइट संरक्षण देत नाही, आणि ते योग्यच आहे. या गोष्टींवर कुणी हक्क सांगू लागले, तर नव्या माणसाला संच बनवणेच अशक्य होईल. ‘माझी रंगसंगती चोरली’ अशा आरोपांविषयी मला म्हणूनच फारशी सहानुभूती वाटत नाही. दोन माणसांना एकाच गडद निळ्यावर केशरी पट्टे सुचणे अगदी स्वाभाविक आहे.

प्रश्न सुरू होतो तो इनलेवर. ही जेमतेम २२ मिलिमीटर व्यासाची चकती असते, आणि एखाद्या डिझायनरचे आठवड्यांचे काम तिच्यात सामावलेले असते. चिप ही वापरायची वस्तू असल्याने तिच्यावरच्या चित्राला संरक्षण मिळते का, अशी शंका घेतली जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्टार अॅथलेटिका खटल्यात, चीअरलीडरच्या गणवेशांवरील नक्षीच्या संदर्भात, या शंकेचे उत्तर बरेच स्पष्ट केले आहे. वस्तूवरची कलाकृती वस्तूपासून वेगळी कल्पिता येत असेल आणि कागदावर किंवा अन्यत्र स्वतंत्र चित्र म्हणून उभी राहू शकत असेल, तर तिला संरक्षण मिळू शकते. इनले तर मुळात स्वतंत्र छापील चित्रच असते. ते चिपवर नंतर बसते. तेव्हा ‘वापरातल्या वस्तूवर कसला आलाय कॉपीराइट’ या सबबीत फारसा जीव उरत नाही.

पूर्वी हा प्रश्न इतका बोचत नसे, याला तंत्र कारणीभूत होते. मातीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिप्स प्रत्यक्षात मिश्रणाच्या असतात आणि उष्णता व दाब देऊन साच्यात घडवल्या जातात. त्यांचे कडेचे पट्टे रंगवलेले नसतात. दुसऱ्या रंगाचे तेच द्रव्य कापून खाचेत बसवलेले असते. असा संच हुबेहूब उतरवायचा तर साचा हवा, द्रव्य हवे आणि कुशल हातही हवेत. सिरॅमिक चिप्स आल्या आणि चित्र बदलले. नाव सिरॅमिक असले तरी त्या राळेच्या असतात आणि डाय-सब्लिमेशनच्या, म्हणजे उष्णतेने रंग आत उतरवण्याच्या तंत्राने त्यांच्या पृष्ठभागावर काठापासून काठापर्यंत काहीही छापता येते. पट्टे, साच्याची नक्षी, इनले, सगळे एकाच फाइलमध्ये येते. ज्याच्या हाती फाइल किंवा पुरेसा स्पष्ट फोटो आहे, त्याच्या हाती अख्खा संच आहे. नकलेला पूर्वी मेहनतीचा जो अटकाव होता तो आता राहिला नाही, त्यामुळे उरलेला भार सगळा माणसाच्या समजुतीवर येऊन पडला आहे.

एक उदाहरण तपशिलात सांगते, कारण नकलेत काय जाते हे मोघम बोलून कळत नाही. एका ग्राहक बाईंचे वडील दीपगृहावर रखवालदार होते. त्यांच्या आठवणीसाठी मी पाच मूल्यांचा संच केला. प्रत्येक चिपवर तेच दीपगृह, पण प्रकाशाचा झोत दरवेळी ७२ अंशांनी पुढे सरकलेला. एकपासून पाचशेपर्यंतच्या चिप्स ओळीने मांडल्या की झोत एक पूर्ण फेरी मारतो. झोताच्या दिशेप्रमाणे दीपगृहाच्या भिंतीवरची सावली बदलत होती, आणि दाराची मूठ फक्त शंभराच्या चिपवर उजळलेली दिसत होती, कारण वडील त्या दारातून आत शिरायचे तो क्षण त्या चिपवर यावा अशी बाईंची इच्छा होती. पुढे हाच संच मला दुसऱ्या कुणाच्या नावाने पाहायला मिळाला. तो एका छोट्या स्पर्धेसाठी केलेला होता. त्यात एकची चिप नव्हती, आणि हजाराची हवी म्हणून पाचशेचेच चित्र आरशातल्यासारखे उलटे करून लावले होते. त्यामुळे झोत मागे फिरला होता, सावली भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेली होती आणि दाराची मूठ बिजागऱ्यांच्या जागी गेली होती.

मला राग आला हे खरे, पण त्याहून जास्त वाईट वाटले ते त्या बाईंसाठी. माझे मानधन मला मिळालेले होते. पैशांत मोजायचे तर माझे काही गेले नव्हते. त्यांनी मात्र पैसे मोजून एकच एक गोष्ट करवून घेतली होती, आणि तिचे एकमेवपण कुणीतरी त्यांना न विचारता काढून घेतले होते. खास संचाला आपण खास म्हणतो, ते तो दुसऱ्या टेबलावर नसतो म्हणून. कॅसिनोच्या बोधचिन्हाची घरगुती नक्कल झाली तर कॅसिनोचे टेबल रिकामे पडत नाही, पण खासगी संचाची नक्कल झाली की त्याचे मूळ मोल तिथेच संपते. नुकसानीच्या मापाने पाहिले, तर सर्वांत अधिक जपायला हवे ते या एकट्यादुकट्या माणसांच्या संचांना, आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी जपले जातात तेही हेच.

यावर हमखास येणारे उत्तर असे, की मी विकत तर नाही ना, चार मित्रांबरोबर खेळायलाच तर हवे आहे. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. विक्री केली तर अपराध मोठा होतो, यात शंका नाही. पण विक्री नसली म्हणजे नक्कल निर्दोष ठरते असे नाही, कारण डिझायनरचे आणि मूळ मालकाचे नुकसान विक्रीतून होत नसून दुसरी प्रत अस्तित्वात येण्यातून होते. शिवाय चिप्स छापून देणारा पैसे घेतोच. म्हणजे या व्यवहारात कारखान्याला दाम मिळतो, वाहतूकदाराला मिळतो, आणि ज्याच्या डोक्यातून ती वस्तू निघाली तेवढाच वगळला जातो. असा हिशेब मांडून दाखवला की बहुतेक सज्जन माणसे स्वतःच थबकतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरे उत्तर बदलांचे असते. अमुक टक्के बदल केला की चित्र आपले होते, अशी एक समजूत सर्वत्र पसरली आहे. असा कोणताही टक्का कायद्यात नाही. न्यायालय साम्य पाहते, बदलांची बेरीज करत बसत नाही. नैतिक बाजूने तर ही मोजणी आणखीच निरर्थक आहे. मी स्वतःला याहून साधा प्रश्न विचारते: ते मूळ चित्र माझ्यासमोर नसते, तर माझे हे चित्र झाले असते का? दीपगृह कुणीही काढावे. माझ्याआधी हजारोंनी काढले आहे. झोत फिरवण्याची कल्पना एखाद्याला माझ्या संचावरून सुचली आणि त्याने घड्याळाचे काटे, चंद्राच्या कला किंवा सूर्यफुलाची मान फिरवली, तर मला आनंदच होईल. कल्पना पुढे जाव्यात यासाठीच असतात, आणि कॉपीराइटही कल्पनेला नव्हे तर तिच्या विशिष्ट आविष्काराला संरक्षण देतो. माझ्या रेषा, माझी सावली, माझी मूठ उचलणे ही वेगळी गोष्ट आहे.

बंद पडलेल्या कॅसिनोंचा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि मला तो जास्त आवडतो. लास व्हेगासमधले ड्यून्स १९९३ साली बंद झाले, सँड्स १९९६ साली आणि स्टारडस्ट २००६ साली. त्यांच्या चिप्सवर लोकांचे प्रेम आहे. कॅसिनो बंद झाला की नेवाडाच्या नियमांप्रमाणे चिप्स ठराविक मुदतीत परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावावी लागते, त्यामुळे मूळ चिप्स दुर्मीळ होतात. मग ज्याला त्या नक्षीवर खेळायचे आहे त्याने काय करावे? इथे प्रतिकृती करण्याला माझा विरोध नाही, मात्र दोन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिली म्हणजे, इमारत पाडली गेली म्हणून नाव मरत नाही. सँड्स हे नाव लास व्हेगास सँड्स या कंपनीच्या नावात आजही आहे, आणि स्टारडस्ट हे नाव बॉइड गेमिंग या कॅसिनो कंपनीने पुढे ऑनलाइन कॅसिनोसाठी वापरले. अमेरिकेत सलग ३ वर्षे ट्रेडमार्क वापरात नसेल तर तो सोडून दिल्याचे प्रथमदर्शनी मानले जाते. पण वापर चालू आहे की नाही हे आपल्या अंदाजावर ठरत नाही. चित्राच्या कॉपीराइटचा हिशेब निराळा असतो. अमेरिकेत १९७८ पूर्वी कॉपीराइटची सूचना न छापता प्रसिद्ध झालेले काम सामान्यतः सार्वजनिक मालकीचे झाले. जुन्या चिपवर तशी सूचना नसेल, तर तिचे चित्र बहुधा मोकळे असू शकते आणि तिच्यावरचे नाव मात्र अडकलेले. हे दोन धागे वेगळे ठेवले नाहीत, तर माणूस एक तर नको तिथे घाबरतो किंवा नको तिथे धीट होतो.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे: तुमची प्रतिकृती उद्या कुणाला अस्सल म्हणून विकली जाऊ शकते का? जुन्या चिप्सचे संग्राहक मोठ्या संख्येने आहेत आणि दुर्मीळ चिपसाठी ते भरपूर पैसे मोजतात. आज तुमच्या मनात फसवणुकीचा विचारही नसेल, पण संच हातोहात फिरतो, वारसाकडे जातो, जुन्या सामानाबरोबर विकला जातो, आणि तेव्हा तुमचा हेतू सांगायला तुम्ही तिथे नसता. अमेरिकेत १९७३ च्या हॉबी प्रोटेक्शन अॅक्टनुसार नाणी आणि टोकनांच्या नकलांवर ‘कॉपी’ असा शब्द ठळक उमटवावा लागतो. खासगी चिप्सनाही ही शिस्त लावून घ्यावी, असे मला वाटते. मूळ साच्याऐवजी वेगळा साचा वापरावा, कडेच्या पट्ट्यांचा रंग मुद्दाम बदलावा, आणि इनलेच्या परिघावर संच केल्याचे साल लहान अक्षरांत घालावे. खेळताना ते कुणाला खटकत नाही आणि संग्राहकाच्या भिंगातून सुटत नाही.

चालू कॅसिनोच्या चिप्सची हुबेहूब नक्कल याबद्दल मात्र चर्चेला काही जागाच नाही. ती चिप म्हणजे व्यवहारात पैसाच असते. जानेवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोमध्ये एका स्पर्धेत बनावट चिप्स मिसळल्याचे उघड झाले, स्पर्धा मध्येच थांबवावी लागली, आणि ज्याने त्या आणल्या होत्या त्याने उरलेल्या चिप्स हॉटेलच्या शौचालयात टाकल्याने नळ तुंबले. त्याला पुढे तुरुंगवास झाला. प्रामाणिक खेळाडूंनी तासन्‌तास खेळून मिळवलेल्या स्थानांचे काय, हा प्रश्न मात्र शिक्षेने सुटत नाही. ‘मी फक्त घरी वापरणार’ म्हणून अशी चिप बनवणारा माणूस जी वस्तू जगात सोडतो, तिच्यावर त्याचा ताबा राहत नाही.

अक्षरांविषयी थोडे लिहायला हवे, कारण तिथे चांगली माणसेही सहज घसरतात. अमेरिकेत अक्षराच्या आकाराला कॉपीराइट नाही, पण फॉन्टची फाइल हे सॉफ्टवेअर समजले जाते आणि तिचा परवाना लागतो. मित्राकडून मिळालेल्या फॉन्टमध्ये आकडे टाकून संच छापला, तर चिपवरचा आकडा निर्दोष आणि तो टाकण्याची रीत सदोष, असे होते. बहुतेक फॉन्टकार वाजवी किमतीला परवाना देतात. तो घ्यावा.

मालकी कुणाकडे, हा प्रश्न ग्राहक आणि डिझायनर यांच्यातही नेहमी धूसर राहतो. ग्राहकाला वाटते, पैसे मी दिले तेव्हा चित्र माझे. अमेरिकी कायद्याप्रमाणे, नोकरीत नसलेल्या आणि एका कामापुरत्या नेमलेल्या डिझायनरच्या चित्राचा कॉपीराइट साधारणतः लेखी करार असल्याशिवाय ग्राहकाकडे जात नाही. ग्राहकाला मिळतो तो वापराचा हक्क. त्यामुळे एखाद्याने ‘मूळ मालकाची परवानगी घेतली आहे’ असे सांगितले, तरी तेवढ्याने काम भागत नाही, आणि उलट बाजूनेही, फक्त डिझायनरची परवानगी मला पुरेशी वाटत नाही. बाईंच्या वडिलांचे दीपगृह कायद्याने माझे असेलही, पण त्यांना न विचारता ते दुसऱ्याला देण्याचा मला नैतिक अधिकार नाही, असे मी मानते. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९२८ च्या सुधारणेने कलावंताला आपले नाव कामाशी जोडले जाण्याचा आणि कामाची मोडतोड रोखण्याचा हक्क दिला. ज्याच्या आयुष्यातून ते काम उगवले त्या ग्राहकाचा तसा हक्क कुठेच लिहिलेला नाही. म्हणूनच तो आपण पाळायचा.

परवानगी मागणे लोकांना जड का जाते, हे मला खरोखर उमजत नाही. मला आजवर ज्यांनी विचारले त्यांतल्या बहुतेकांना मी होकार दिला आहे. कुणाला पट्ट्यांची मांडणी दिली, कुणाला रंगांचे क्रमांक दिले, एकाला तर पूर्ण पार्श्वभूमी देऊन टाकली आणि बदल्यात फक्त छापील संचातली एक चिप मागितली. ओळखीचे इतर डिझायनरही असेच वागताना मी पाहते. नकार मिळतो तो बहुतेक वेळा संच फार व्यक्तिगत असतो म्हणून, आणि अशा वेळी डिझायनर त्याच धाटणीचे नवे काहीतरी सुचवतो. उत्तरच आले नाही, तर मात्र ते होकारासारखे धरू नये. शोधूनही मूळ डिझायनर सापडत नसेल, तर त्या चित्रातले काय आवडले ते कागदावर शब्दांत लिहून काढावे, चित्र बाजूला ठेवावे आणि त्या शब्दांवरून नवे काढायला घ्यावे. यातून अनेकदा मूळ चित्राहून आपल्याला जवळचे वाटणारे काही हाती लागते.

माझ्या कामाच्या कागदात मी आता तीन गोष्टी लिहून घेते. चित्र ग्राहकाच्या एकाच संचासाठी आहे. हरवलेल्या किंवा फुटलेल्या चिप्ससाठी त्याच फाइलवरून पुन्हा छापायला त्याला मला विचारावे लागणार नाही. आणि तिसऱ्या कुणी ते मागितले, तर आम्ही दोघांनी होकार दिल्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही. छपाईला जाणाऱ्या फाइलमध्ये इनलेच्या परिघावर माझी आद्याक्षरे आणि साल एवढ्या बारीक अक्षरांत असते, की माहीत असल्याशिवाय ते दिसत नाही. काही ग्राहक ते काढायला सांगतात आणि मी काढते. संच त्यांचा आहे. फक्त मग फाइल कुणालाही पाठवायची नाही, एवढे मी त्यांच्याकडून लेखी मागते.